यान मिरजेत का उतरत नाही

शेवटचा खेळ सुटला तेव्हा पावणेएक.
विश्रामबागच्या चौकात मल्लूची ऑम्लेटची गाडी तेवढी जागी
आणि आम्ही तिघे: मी, शीतल मगदूम,
आणि मध्यंतरापासून घोरणारा दस्तगीर,
ज्याच्या तिकिटाचे पैसे मी भरले होते.
शीतल रात्रीचं खात नाही. नियम आहे.
तो नुसता तव्याकडे बघतो.

शीतल म्हणाला, भारी हुता लगा पिक्चर.
मी म्हणालो, यान भारी होतं.
दोनशे वर्षांनंतरची माणसं, आणि एकसुद्धा
चार्जर शोधताना दिसला नाही.
माझं दुकान चालतं ते हातभर वायरीवर,
पिनेपाशी मोडलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली,
एका ठरावीक कोनात धरली तरच जिवंत.
एवढ्या मोठ्या यानात एखादी बाई तरी
मोबाइल उशीला तिरका टेकवून झोपली असती
तर बाकीचं सगळं मी खरं मानलं असतं.

आणि कपडे. सगळ्यांचे एकाच ताग्यातले,
राखाडी, अंगाला चिकटलेले.
शीतलचं कापडाचं दुकान. तो म्हणाला,
पडून राहिलेला माल आसणार, घाऊक उचललाय.

दारं आपोआप उघडतात. सुर्रक्.
आमच्या गल्लीतल्या एटीएमचं दार
मार्चपासून आपोआप उघडंच आहे,
त्यावर कोण पिक्चर काढतं?

यंत्रं म्हणे बंड करतात.
अठरा वर्षं मी त्यांची पोटं उघडतोय,
चिमट्यानं, भिंगातून, श्वास धरून.
बंड नाही सापडलं. हळद सापडली.
मार्केट यार्डातल्या हमालांच्या फोनमध्ये
स्पीकरच्या जाळीत पिवळी पूड बसते,
पलीकडच्याला वाटतं, माणूस पोत्यातून बोलतोय.
एकदा मुंग्या सापडल्या, अंड्यांसकट,
बॅटरीची ऊब बघून संसार मांडलेला.
परग्रहावरचे म्हणतात ते हेच असतील तर
मी त्यांना ब्रशनं झाडलंय. गिऱ्हाईक घाईत होतं.

शीतलच्या घरी बोलका डबा आलाय.
त्याची आई म्हणाली, आरं, बंद कर की त्ये.
डब्यानं सोलापूरचं हवामान सांगितलं.
आता ती त्याच्याशी, आणि फक्त त्याच्याशी,
पुण्याच्या व्याह्यांशी बोलावं तसं बोलते:
कृपया आवाज कमी करा.
शीतल म्हणतो, बापाला जमलं न्हाई ते डब्यानं केलं.

एवढ्यात दस्तगीर पूर्ण जागा झाला.
म्हणाला, ती यानं कायम तिकडंच का उतरतात?
मिरजेत का नाही?
पार्किंग, शीतल म्हणाला.
मल्लू अंडं फोडता फोडता हसला.
दस्तगीर हसला नाही. तो सतारी करतो,
त्याच्या घरात माणसांपेक्षा भोपळे जास्त.
उतरलेच तर, म्हणाला, काय दाखवू त्यांना?
वाळका भोपळा, आतून कोरलेला,
वर लाखेचा हात मारलेला.
त्यांना वाटेल, यांचंपण यान तयार आहे,
फक्त माणसं बसायची राहिलीत.

सूर तपासायचं अ‍ॅप मीच त्याला घालून दिलंय.
हिरवा दिवा लागला की सूर बरोबर.
मी बघितलंय त्याला काम करताना:
हिरवा लागतो,
तो दिव्याकडे जरा वेळ बघतो,
मग खुंटी अजून केसभर पिळतो.
दिवा लाल. दस्तगीर खूश.

दीड वाजता गाडीला किक मारली, पेटेना.
प्लग काढायला उजेड हवा.
शीतलचा फोन घरी, डब्याशेजारी.
दस्तगीरच्या फोनला दिवाच नाही, बटणांचा आहे.
माझा, म्हणजे फोन दुरुस्त करणाऱ्याचा,
दोन टक्क्यांवर.

वायर आहे का रे कुणाकडं?
मल्लूकडे होती. गाडीच्या बॅटरीला जोडलेली,
तेलकट, पिनेपाशी चिकटपट्टी.
मी प्लग पुसला,
आणि दस्तगीर तेवढा वेळ
फोन तिरका धरून उभा राहिला.